धुरपाची पाटी

फार फार वर्षं झाली बघा. कड्याच्या पोटाशी कारवंदी नावाचं गाव होतं आणि त्या गावात धुरपा राहायची. अंगानं थोराड, जिभेनं त्याहून थोराड! करवंदांनी भरलेली पाटी डोक्यावर घ्यायची आणि घाट चढून वरच्या बाजारात विकायची. नवरा गेलेला. पदरात एकच लेक, सोनकी.

या सोनकीचा सारखा घोळणा फुटायचा. खेळता खेळता नाकातून रक्ताची धार लागायची. कांदा हुंगवा, टाळूवर ओली माती थापा, थांबता थांबायची नाही. त्यात ताप उतरला की कान वाहायचा, कान सुकला की अंगावर गळवं उठायची. एक दुखणं निघालं की दुसरं दारात उभंच. पोर पार पांढरीफटक पडली.

देवीचा गुरव म्हणाला, "देवीनं रगत मागितलंय. पोरीला वेशीबाहेर न्यायचं न्हाई, न्हाईतर देवी गावावर उलटंल." गावकीनं माना डोलावल्या.

धुरपा म्हणाली, "रगतच पायजे तर माझं घे म्हणावं देवीला. मी जाडजूड हाय, वरीसभर पुरंन!"

तिनं पाटीतली करवंदं ओतून दिली, आत गोधडी घातली, सोनकीला बसवलं आणि घाटावरच्या वैद्याकडे निघाली. सोबतीला एक माणूस आला नाही. दारं लावून बसले सगळे!

नेहमीची वाट कड्याला लांबचा वळसा घालून जायची. पण वाटेतच सोनकीचा घोळणा फुटला आणि रक्त धुरपाच्या कपाळावर ओघळू लागलं. वळसा घालायला वेळ कुठला? ती सरळ कड्यापुढे उभी राहिली आणि ओरडली, "गावाला गावकीचं भ्या हाय. तुला रं कसलं भ्या? तू तर दगुड! वाट दे मला!"

असं म्हणतात, तिनं जिथं टाच टेकवली तिथं कातळ लोण्यागत दबला. टाचेमागं टाच, पायरीमागं पायरी.

वैद्यानं पोर तपासली. म्हणाला, "पोर जगंल. पण हे एका पुडीचं काम न्हाई. दर पुनवेला आणावं लागंल, कैक वर्सं."

"आणीन," धुरपा म्हणाली.

आणि आणलं हो! पाऊस म्हणू नका, ऊन म्हणू नका. सोनकी कधी बरी असायची, कधी पुन्हा तापानं फणफणायची. पोर वाढत होती तशी पाटी जड होत होती. धुरपाची मान आखडली, पण पुनव चुकली नाही. आणि देवी? ती काही उलटली नाही. गाव हे बघत होतं. एका पुनवेला धुरपा निघाली तर वेशीत गुरवाची बायकोच पदर खोचून उभी.

"आण ती पाटी हिकडं," ती म्हणाली. "आज माजी पाळी."

धुरपा तेव्हा पहिल्यांदा रडली, असं म्हणतात.

सोनकी जगली, लेकुरवाळी झाली. म्हातारपणी धुरपाला वरचा बाजार एकदा बघायचा होता, तर सोनकीनं तिला त्याच पाटीत बसवून नेलं, असंही म्हणतात. जाडजूड धुरपा, बरं का! तरी नेलं.

आता घाटात डांबरी रस्ता आहे, जीप आहे. पण कारवंदीच्या वेशीवर चिंचेला अजून पाटी टांगलेली असते, दरवर्षी नवी विणतात. घरात पोर आजारी पडलं की आई जाऊन ती खाली उतरवते. मग पोर कुणाचं, हे कुणी विचारत नाही. "आज कुणाची पाळी?" एवढंच विचारतात, आणि तोवर कुणीतरी पायात चपला घालून दारात आलेलं असतं.