कुरलवाडीचा जाबीर

जाबीर या नावाचा अर्थ शिकलेली माणसं एका दमात सांगून मोकळी होतात. अरबी नाव आहे, मोडलेलं सांधणारा. बरोबर आहे. पण त्या अर्थापायी एका माणसाला काय करावं लागलं, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी, खाडीच्या तोंडाशी दिवाही नव्हता तेव्हा, खजुरानं भरलेलं एक अरबी गलबत कुरलवाडीच्या खडकावर फुटलं. एकच माणूस जिवंत वाहून आला. लोकांनी त्याला पेज पाजली, नाव विचारलं.

"जाबीर," तो म्हणाला.

"हे रे कसलं नाव?" लोक हसले. तेव्हा त्यानं एक काटकी मोडली आणि दोन्ही टोकं जुळवून धरली.

कुरलवाडीत माणसाला त्याच्या कामावरूनच हाक मारत. त्यामुळे सगळे धरून चालले, हा हाडवैद. आणि त्याला थेट भागायच्या झोपडीत नेलं.

भागाय विधवा. तिची लेक सुंद्री चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढून दोघींचं पोट भरायची. आदल्याच दिवशी कातळावरून घसरून सुंद्रीची नडगी मोडली होती. हाड वाकडं जुळलं, तर चिखलात उभं राहणं संपलं आणि चूलही संपली.

जाबीर तर गलबतावरचा सुतार. हाड त्यानं जन्मात सांधलं नव्हतं. पण नाही म्हणायला आपली बोली येत नव्हती, आणि असं म्हणतात, सुंद्रीचं तोंड पाहून त्याची मानही हलेना. तडकलेली डोलकाठी बांधावी तसा त्यानं पाय बांधला, बांबूच्या कामट्या आणि वर काथ्याची दोरी. मग उशाशी बसून राहिला.

अवसेला उधाण आलं. पाणी झोपडीत शिरलं, गाव टेकडीवर पळालं. सुंद्रीला उचलावं तर सांधा निसटणार. जाबीर बाजेखाली शिरला आणि बाज त्यानं डोक्यावर घेतली. भागाय वाशाला लटकून समुद्राला शिव्या घालत होती. असं म्हणतात, पाणी त्याच्या हनुवटीला टेकलं आणि तिथंच थांबलं. समुद्रानं त्याचं सगळं एकदा नेलं होतं, दुसऱ्यांदा न्यायला तो लाजला. बाज तसूभरही कलली नाही.

सुंद्री सरळ पायानं चालली. पुढे जाबीर बोली शिकला, तेव्हा भर पंगतीत उठून म्हणाला, "मी हाडवैद नाही. आजीनं ठेवलेलं नाव आहे नुसतं."

भागाय वाढता वाढता म्हणाली, "बाजेखाली कोण होतं मग, तुझी आजी? बस खाली, मेल्या. भात निवतोय."

तो तिथंच राहिला, तिथल्याच मातीत गेला.

आता कुरलवाडीची माणसं प्लास्टर घालायला तालुक्याला जातात. पण कुणाचं हाड मोडलं की घरात आधी विचारतात, "जाबीर कोण बसतंय?" मग उशाशी सून बसते, शेजारी बसतो, कधी अबोला धरलेला भाऊ येऊन बसतो. हाड जुळेपर्यंत त्या बसलेल्या माणसाला त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही.