मघाशी बघितलेला रंग

फार फार पूर्वी, कापडं झाडांच्या मुळासालींच्या रंगांत उकळून रंगवत तेव्हाची गोष्ट. एका गावात रंगाऱ्याच्या घरी तीन जावा होत्या. तिघी कामसू, तिघी एकमेकींना धरून. पण मंडळी, घोटाळा व्हायला घरात भांडणच असावं लागतं असं थोडंच आहे?

मधलीच्या लेकीचं लग्न उद्यावर आलं होतं. शालूचं कापड मधलीच्या आईनं विणलेलं. म्हातारीची उरलीसुरली नजर त्या विणकामातच गेली होती. तिच्या हातून दुसरं कापड आता होणार नव्हतं. ते कापड मंजिष्ठेच्या लाल रंगात उकळत होतं आणि मधलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसली की उठे, उठली की हंड्याशी जाई.

रंग गडद करायला हिराकसाचं पाणी लागे. जरासं पडलं तर लाल खुलतो, जास्त झालं तर काळवंडतो. म्हणून सासूबाईंनी नेम घालून दिला होता, की ओतायचं ते हंड्याशी टांगलेल्या पळीनंच. पळी एकच, म्हणजे दोघी एकदम ओतणार नाहीत.

मधलीनं कापडाचं टोक उचलून बघितलं. फिकट. ती हिराकस कालवायला आत पळाली. पाठोपाठ थोरलीनं बघितलं, मग धाकटीनं. दोघींनाही रंग फिकटच दिसला, आणि दोघीही आपापली वाटी कालवायला गेल्या.

मधली परतली तर पळी थोरलीच्या हातात.

"आटपा ना, अक्का," ती चुळबुळत म्हणाली. थोरलीचं ओतून होताच तिनं पळी जवळजवळ हिसकावली, आपली वाटी ओतली आणि पळी मागे उभ्या धाकटीला दिली. नेम कुणीच मोडला नाही.

कापड वर काढलं, ते काळंकुट्ट.

"ओतण्याआधी पुन्हा बघितलं नाहीस?" थोरलीनं मधलीला विचारलं.

"मघाशी बघितलं होतं की."

"मीपण मघाशीच," धाकटी पुटपुटली.

तेवढ्यात मधलीची म्हातारी आई चाचपडत आली आणि तिनं ओल्या कापडावर हात ठेवला. "कसा आलाय गं लाल?"

मधलीला रडू कोसळलं. "आई, काळा झाला. मी मघाच्या रंगावर विसंबले."

म्हातारी कापडाची वीण चाचपत म्हणाली, "मघाचं आत्ता कुठं खरं असतं, बाई? नुसती ओतताना कसली पळी धरता? बघायच्या आधी धरा."

लेक बोहल्यावर चढली ती शेजारणीकडून मागून आणलेल्या शालूत.

तेव्हापासून त्या घरात जिला रंग बघायचा ती आधी पळी घेई, ती कमरेला खोचूनच हिराकस आणायला जाई, आणि ओतून झाल्यावरच परत टांगी. तोवर बाकीच्या हंड्यात डोकावतसुद्धा नसत. मधलीचे पाय जागेवर ठरत नसत. पण ती थांबे.

तात्पर्य : सामाईक गोष्ट बदलायची असेल, तर ती बघितल्यापासून बदलून होईपर्यंत एकाच्याच हाती असावी.