बिनभोकाचे घर

मुलांनो, सागाच्या एका जंगलात एक सुतारपक्षी राहत असे. त्याची चोच मोठी कसबी होती, पण त्याला नावलौकिक काही नव्हता. साळुंक्या त्याला चिडवत, "आयुष्यभर भोकं पाडण्यापलीकडे काही केलंस का रे?" तो वरवर हसे, पण हे बोलणे त्याच्या मनाला फार लागे.

त्याच्या झाडाखालच्या खडकात एक सरडा राहत असे. शिक्रा नावाच्या शिकारी पक्ष्याने त्याच्या भावांना त्याच्यादेखत उचलून नेले होते. तेव्हापासून तो बिचारा फटीतून डोकेही बाहेर काढेना. एके सकाळी तो म्हणाला, "दादा, उन्हात बसल्याशिवाय माझ्या अंगात बळ येत नाही, आणि उन्हात बसलो की शिक्रा येतो. मला एक घर बांधून द्याल?"

"असं बांधतो, की शिक्र्याने डोकं आपटून घ्यावं!" सुतारपक्षी म्हणाला.

सहलीला आलेल्या माणसांनी बिस्किटांचा एक मोठा, आरपार दिसणारा प्लास्टिकचा डबा टाकून दिला होता. सुतारपक्ष्याने तो खडकावर उन्हात आडवा ठेवला, भोवती सागाच्या फळ्यांची चौकट ठोकली आणि सांधे डिंकाने लिंपले. काम खरोखरच सुबक झाले होते. सरडा मात्र आत शिरताना घुटमळला. "दादा, वाऱ्याला एखादं भोक ठेवता का?"

तो शब्द ऐकताच सुतारपक्ष्याचा पारा चढला. "तूही तेच? भोक म्हणजे शत्रूला वाट. आधी जीव वाचव, वाऱ्याचं मग बघू!" सरड्याने मान हलवली. त्याला दुसरा आसरा नव्हता. झाकण बसले आणि त्यावर खुंट्या ठोकल्या गेल्या.

भर दुपारी शिक्रा आला. त्याने झडप घातली, पण नखे डब्यावरून घसरली, चोच फळीवर आपटली आणि तो चरफडत समोरच्या झाडावर जाऊन बसला. साळुंक्यांनी एकच वाहवा केली. सुतारपक्ष्याला आकाश ठेंगणे झाले.

"पण सरड्याचं तोंड असं उघडं का? रंगही उतरलाय," एक साळुंकी म्हणाली.

"हसतोय तो!" सुतारपक्षी म्हणाला. "आणि भिंतीवर पाय कसे मारतोय बघा. नाचतोय नुसता!"

मुलांनो, सरडे हसत नाहीत. उन्हाने अंगाची लाही झाली की ते तोंड वासतात. सरडा आतून तेच सांगत होता, पण त्याचा आवाज बाहेर येत नव्हता आणि बाहेर कौतुकाचा गलका चालला होता.

ऊन कलल्यावर सुतारपक्षी शाबासकी ऐकायला खडकावर उतरला. सरडा निपचित पडला होता. झाकण काही केल्या निघेना, कारण खुंट्या त्यानेच जीव ओतून ठोकल्या होत्या. मग तो वेड्यासारखा चोच मारत सुटला आणि अखेर डब्याला भोक पडले. आतून फक्त गरम वाफ बाहेर आली. "ये रे बाबा, बाहेर ये," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

समोरच्या झाडावरून शिक्रा म्हणाला, "मी तर त्याला नखही लावलं नाही."

तात्पर्य : ज्याच्यासाठी घर बांधायचे त्याचेच न ऐकता ते कितीही भक्कम बांधले, तरी ते त्याच्या जिवाला शत्रूइतकेच घातक ठरते.