एकदाच सोडलेला भारा

फार वर्षांपूर्वी एका खाडीच्या अल्याड रान होतं आणि पल्याड बेट. बेटावर हरणं राहत, पण कोवळा पाला मिळायचा तो रानातच. एक गाढवीण रोज पाल्याचा भारा घेऊन धक्क्यावर यायची आणि तराफ्याने तो पलीकडे न्यायची.

धक्क्यावर तीन तपासनीस तीन वेगळ्या खडकांवर बसत. कासव वजन बघायचं, बगळा कीड शोधायचा आणि आत साप लपलाय का ते मुंगूस बघायचं. तिघंही तेच विचारायची, "माल कुणाचा? जाणार कुठे?" मग प्रत्येकापुढे भारा सोडायचा, दाखवायचा, पुन्हा बांधायचा. तेवढ्यात भरती ओसरायची आणि तराफा चिखलात रुतून बसायचा. पुढच्या भरतीपर्यंत पाला उन्हात वाळून जायचा.

एके दिवशी एक हरिणी वाळलेला भारा घेऊन बेटावरून परत आली. "आजारी पाडसांनी हे चावायचं कसं?" तिने विचारलं.

"माझ्याकडे वेळ लागत नाही," बगळा म्हणाला. कासवाने आणि मुंगसानेही तेच सांगितलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

"मग दिवस जातो कुठे?"

कासवाने तिन्ही खडकांकडे आळीपाळीने बघितलं. शेवटी कासव आपल्या खडकावरून उतरलं आणि धक्क्याच्या तोंडाशी जाऊन बसलं. थोड्या वेळाने बगळा तिथे आला. मुंगूस सगळ्यांत शेवटी आलं, तेही कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी गाढविणीने भारा एकदाच सोडला आणि तिघांनी तो बघितला. तिने तो बांधला आणि सवयीने मुंगसाच्या खडकाकडे वळली.

"तिकडे कुठे निघालीस?" मुंगूस मागून म्हणालं. "मी इथे आहे. माझं बघून झालं. जा, अजून पाणी आहे."