भांडणाचा कोट

“मग चूक कुठे आहे, ते तरी दाखवा!”

उल्काचा आवाज चढला. काज करणाऱ्या बायकांच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

टेबलावर पसरलेल्या कोटाची कॉलर कोपर्डे मास्तरांनी उलटून पाहिली. मग अस्तर. मग खिसे.

पाचगणीच्या बाजारात मास्तरांचं दुकान जुनं. शाळांचे ब्लेझर तिथे शिवले जायचे. रीत ठरलेली होती. कापड बेतायचं आणि कापायचं पुरुषांनी. काज, बटण, तुरपाई बायकांनी. कटिंगच्या टेबलाला बाईचा हात लागत नसे.

उल्का परदेशात चार वर्षं शिवणकाम शिकून गावी परतली आणि मास्तरांच्या पायाशी येऊन बसली. आठ महिने तिने नुसती काजं केली. आठ महिने ती आतल्या आत धुमसत होती. शेवटी तिने पैज मारली. एक कोट स्वतः बेतीन, स्वतः कापीन, घरच्या मशीनवर शिवीन. जमला, तर टेबलावर जागा द्यायची.

मास्तर एवढंच म्हणाले होते, “बघू.”

आणि आता हा कोट समोर होता. राखाडी लोकरीचा, गुडघ्यापर्यंत लांब, पुरुषी बेताचा. रुंद खांदे. बटणंही पुरुषांसारखी उजवीकडे. चार खिसे बाहेर, एक आत, आणि सगळे खरे. बायकांच्या कोटाला खिशाची नुसती पट्टी लावून फसवतात, याची उल्काला भारी चीड होती.

“घाल,” मास्तर म्हणाले.

तिने घातला.

“अगं बया! फौजदारीण दिसतीस की!” सरूबाई म्हणाली. तीस वर्षं ती त्याच खिडकीपाशी काजं करत आली होती. बायका हसल्या. उल्का हसली नाही. ती आरशासमोर ताठ उभी राहिली. कोट अंगावर ओतल्यासारखा बसला होता.

मास्तरांनी हातातला खडू जमिनीवर टाकला.

“उचल.”

ती वाकली... पाठीत शिवण करकरली. हात खडूपाशी पोचण्याआधीच बगलेत कापड आवळलं. ती तशीच अडकून राहिली, अर्धी वाकलेली.

“माप कुणी घेतलं?”

“मी! आरशासमोर उभं राहून, तीनदा. तिन्ही वेळा तेच आलं.”

“सरूबाईला सांगायचं होतंस.”

“का? माझ्या अंगाचं माप मला घेता येत नाही? बाईला कापता येत नाही, बाईला बेतता येत नाही, आता स्वतःचं मापही घेता येत नाही! मास्तर, तुम्हाला जागा द्यायचीच नाही. म्हणून खडू टाकता, खुसपटं काढता!”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि तिच्या गळ्यात घातली.

“माझं घे.”

बायका बघतच राहिल्या. मास्तरांचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ते अंदाजाने कापत. ते दुकानाच्या मधोमध उभे राहिले. उल्काने त्यांच्या छातीभोवती टेप गुंडाळली. अडतीस. पाठीवरून धरली. साडेचौदा. आकडा लिहायला तिने वही ओढली.

आणि थबकली.

मास्तरांची मान ताठ होती. गळ्याची शीर तटतटली होती. चाळीस वर्षं टेबलावर वाकून पोक आलेला हा माणूस छाती पुढे काढून, खांदे मागे खेचून, शाळेच्या कवायतीतल्यासारखा उभा होता. श्वासही घेत नव्हता.

तिने वही मिटली.

“मास्तर... यंदा स्ट्रॉबेरी कशी आहे?”

“कशी असणार!” मास्तरांचा श्वास एकदम सुटला. “थंडी नाही, काही नाही. पाणचट नुसती. परवा आमच्या जावयाने टोपलीभर आणली, तर—”

ताणलेली छाती खाली बसली. खांदे पुढे आले, पोक जागेवर आलं. तिने पाठीवर पुन्हा टेप धरली. सोळा.

मास्तर जावयाबद्दल बोलतच होते. ती ऐकत नव्हती. तिला आपल्या खोलीतला आरसा दिसत होता. त्यात एक मुलगी, दात आवळलेली, सगळ्या बाजाराशी भांडायला निघाल्यासारखी उभी... आणि तिच्या छातीवर टेप.

तिने आकडा लिहिला. अंगातला कोट काढून टेबलावर पालथा टाकला. पाठीची शिवण उसवायला ब्लेड घेतलं.

तेवढ्यात मास्तरांनी आपली मोठी कात्री उचलली. शिंप्याने कात्री कुणाच्या हातात द्यायची नसते, भांडण होतं म्हणतात. त्यांनी ती टेबलावर, तिच्यापुढे ठेवली.

“उद्यापासून इथे.”

उल्का कात्रीकडे बघत राहिली. आठ महिने हिच्यासाठीच काढले होते. मग तिची नजर खिडकीकडे गेली. सरूबाईने मान खाली घातली होती आणि पुन्हा काज सुरू केलं होतं.

उल्काचा हात मागे आला.

“फक्त मी?”

मास्तरांनी वाकून जमिनीवरचा खडू उचलला.

“मी आठ महिने काजं केली, तर टेबल मिळालं. या बाईने तीस वर्षं केली. यांना कधी विचारलंत? एकदा तरी?”

“अगं, गप बस की...” सरूबाई पुटपुटली. पण तिची सुई पुढे सरकत नव्हती.

मास्तरांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्याने पुसला. पुन्हा घातला.

मग त्यांनी उल्काच्या हातातलं ब्लेड काढून घेतलं, कोट उचलला, झटकला आणि तिच्या खांद्यावर ठेवला.

“हा उसवू नकोस. भांडायला अजून लागेल.”