रविवारी बसते

एका गावात अलीशिबा नावाची एक विधवा राहत होती. वस्ती तीस-चाळीस ख्रिस्ती घरांची. तिला मूलबाळ नव्हते. रविवारी उपासना संपली की बाकीचे लोक घरी जात. ती मात्र चर्चच्या मागल्या पायरीवर पवित्र शास्त्र उघडून बसे. कधी वाची, कधी नुसतीच बसून राही. तिथून उठली की तिच्या चेहऱ्यावर टवटवी आलेली असे.

एका उन्हाळ्यात गावात तापाची साथ आली. घरोघर माणसे अंथरुणाला खिळली. अलीशिबाने पदर खोचला. रोग्यांसाठी पेज शिजवणे, त्यांचे कपडे उकळणे, मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालणे, सारे तिने अंगावर घेतले. रविवारचे बसणे सुटले. त्यात तिचे काही चुकले नाही. माणसे तडफडत होती.

पावसाळ्यात साथ ओसरली. अलीशिबा मात्र थांबली नाही. एका घरचे काम संपले की ती दुसरे शोधी. शेजारच्या वाड्यांवरूनही बोलावणी येऊ लागली. "अलीशिबाबाई नसत्या तर आमचं काय झालं असतं?" असे लोक म्हणत. ते ऐकायला तिला आवडू लागले होते.

गावचे पाळक उजागरे म्हातारे होते. त्यांनी एकदा तिला वाटेत थांबवले.

"बाई, तीन महिने झाले, तुम्ही चर्चमध्ये टेकला नाहीत."

"बाबा, दुखणं काही रविवार बघून येत नाही."

"प्रभूलाही लोक सोडत नव्हते. तरी तो गर्दी टाकून एकटा डोंगरावर जायचा."

"त्याच्याबरोबर बारा शिष्य होते. माझ्याबरोबर कोण आहे?"

"तुम्ही कुणाला हाक मारलीत?"

अलीशिबाने बादली उचलली आणि ती चालू लागली.

रिबका ही तिची बालपणापासूनची मैत्रीण. तिला क्षयाने धरले होते. तिचा नवरा शमुवेल अंगणात दोर वळत बसे आणि ती आत खोकत पडलेली असे. अलीशिबा रोज पेज घेऊन जाई, चादर बदली आणि निघे.

एक दिवस रिबकाने तिचा हात धरला. "अली, पेज राहू दे. घटकाभर माझ्यापाशी बस. मला मरणाची भीती वाटते गं."

"रविवारी बसते," अलीशिबा म्हणाली.

रविवारी वाडीवरून बोलावणे आले. ती तिकडे गेली. पुढच्या आठवड्यात रिबकाने पुन्हा विचारले. चादरीची वळकटी काखेत मारून अलीशिबा म्हणाली, "आता नक्की. रविवारी बसते." तोही रविवार गेला. त्यानंतर रिबकाने विचारलेच नाही.

एका सकाळी शमुवेल धावत आला. "बाई, चला. ती तुमचं नाव घेतेय."

रिबकाचे ओठ पांढरे पडले होते. डोळे मात्र जागे होते, आणि त्यांत भीती होती. "प्रार्थना कर," ती म्हणाली.

अलीशिबाने तिचा हात हातात घेतला आणि प्रार्थना सुरू केली. शब्द भराभर येऊ लागले. साथीत शंभर खाटांपाशी म्हटलेलेच ते शब्द होते. म्हणता म्हणता तिच्या मनात आले, वाडीवरच्या म्हातारीची पेज अजून चुलीवर चढलेली नाही.

रिबकाने आपला हात सोडवून घेतला. "हे तू सगळ्यांसाठी म्हणतेस," ती म्हणाली. "माझ्यासाठी काही सांग."

अलीशिबाने तोंड उघडले. काहीच आले नाही. तिने आत शोधले, पण आत सारे कोरडे पडले होते. देवाशी ती स्वतःहून शेवटचे कधी बोलली, तेही तिला आठवेना. रिबका थोडा वेळ वाट पाहत राहिली. मग तिने भिंतीकडे तोंड फिरवले. दुपारच्या आत ती गेली.

माती देऊन झाल्यावर अलीशिबा शमुवेलपाशी गेली. "मला क्षमा करा," ती म्हणाली.

"तुम्ही चार महिने पेज आणलीत, धुणं धुतलंत. तुमच्याबद्दल वाईट कसं बोलू?" शमुवेल म्हणाला. "पण ती घाबरतच गेली, बाई."

अलीशिबा दुसऱ्या दिवसापासून दुप्पट राबू लागली. झोप गेली. एकदा एका म्हाताऱ्याच्या हातून पेज सांडली, तर तिने त्याच्या गालावर चापट मारली. म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. ती आपल्याच हाताकडे पाहत उभी राहिली. मग तशीच पाळकांच्या घरी गेली.

"बाबा, रिबकासाठी प्रार्थना करायला गेले आणि आत काहीच नव्हतं. आज तर मी म्हाताऱ्या माणसावर हात टाकला."

पाळकांनी तिची समजूत घातली नाही. "दुसऱ्याला द्यायचं ते आधी प्रभूपाशी बसून घ्यावं लागतं," ते म्हणाले. "तुम्ही घ्यायचं सोडलंत आणि देत राहिलात. रविवारी येऊन बसा. त्या दिवशीचं काम दुसऱ्या बायका करतील."

दुसऱ्या दिवशी अलीशिबाने म्हाताऱ्याचे पाय धरले. मग ती घरोघर फिरली. मदत मागताना तिची जीभ जड झाली, पण तिने मागितली. सहा बायका पुढे आल्या. त्यांनी कामे वाटून घेतली आणि प्रत्येकीला आठवड्यात एक विसाव्याचा दिवस ठरला. काहीजण कुजबुजले, "बाई आता दमल्या." तिने ते ऐकून घेतले.

पहिल्या रविवारी ती पायरीवर बसली, तेव्हा तिला वाचवेना, बोलवेना. दुसऱ्या रविवारीही तसेच झाले. डोळ्यांपुढे फक्त रिबका येई. कितीतरी रविवार असे गेले. मग एका दुपारी तिच्या तोंडून एवढेच निघाले, "प्रभू, मी तिच्यापाशी बसले नाही." आणि ती ढसाढसा रडली. त्या दिवसापासून ती पुन्हा प्रार्थना करू लागली. शमुवेल मात्र तिच्याशी पुढे कधी मोकळेपणाने बोलला नाही.

त्या सहा बायकांत सुवार्ता नावाची एक तरुण सून होती. कामाला वाघीण. तिच्या विसाव्याच्या दिवशीही ती पेजेचे पातेले घेऊन निघाली. अलीशिबाने तिला दारातच अडवले.

"मी दमलेली नाही, बाई," सुवार्ता हसून म्हणाली.

अलीशिबाने तिच्या हातातून पातेले काढून घेतले. "म्हणूनच आज चर्चच्या पायरीवर जाऊन बस," ती म्हणाली. "मीही हेच म्हणत होते."

तात्पर्य: सेवेच्या धांदलीत जो प्रभूपाशी निवांत बसणे सोडतो, त्याचे हात राबत राहतात, पण घाबरलेल्या माणसाला धीर द्यायला त्याच्यापाशी काही उरत नाही. मोडून पडण्याआधीच विसावा घ्यावा. नंतर घेतलेल्या विसाव्याने गेलेली वेळ परत येत नाही.