चार अंड्यांचे सात रक्षक

एका माळरानावर एक राज्य होतं. राज्याला राणी होती, राणीला सात शिलेदार होते आणि सातही शिलेदार राणीच्या प्रेमात होते. हे प्रेम सरकारी होतं. म्हणजे ते सकाळी वेळेवर सुरू व्हायचं आणि जेवणाच्या सुट्टीत थांबायचं.

राणी लांडोर होती. शिलेदार एडके होते. यांचं जमणार कसं, असं लहान पिल्लं विचारायची. मोठी विचारत नसत. राणीने शिलेदाराला प्रेमाची खूण द्यायची, ती त्याने शिंगाला बांधून तिच्या नावाने टकरा खेळायच्या, आणि तिच्याकडून काही म्हणजे काही मागायचं नाही, अशी रीत होती. खूण म्हणजे मोरपीस. लांडोरीला मोरपीस नसतं, हे माळावर सगळ्यांना ठाऊक होतं. पण शिंगं चौदा होती, त्यामुळे तो विषय निघत नसे.

राणीकडून काही मागायचं नाही, हा नियम शिलेदार काटेकोर पाळत. म्हणून लागेल ते प्रजेकडून मागत. विरहात भूक फार लागते, त्यामुळे धान्याचं कोठार गेल्याच हिवाळ्यात संपलं होतं. सशांनी विचारलं तेव्हा प्रधान म्हणाले, "कोठार रिकामं नाही. ते प्रेमाने भरलेलं आहे." सशांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन पाणी प्यायले.

याच माळावर, खड्यांमध्ये उथळ खळगा करून, एका टिटवीने चार अंडी घातली होती. टिटवी झाडावर चढत नाही. तिचं सगळं उघड्यावर. त्यामुळे ती एका डोळ्याने झोपते आणि दुसऱ्याने सावल्या मोजते.

एका सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, मैदानाला चुना मारतायत. परवा टकरा आहेत म्हणे."

"मारू देत की."

"रेघ आपल्या अंड्यांमधून गेलीय. दोन आत, दोन बाहेर."

"मग निदान दोन तरी..."

टिटवीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उरलेलं वाक्य गिळून किडे शोधायला गेला.

टिटवी प्रधानांकडे गेली. प्रधान साळिंदर होते. हुकूम लिहायचा झाला की पाठीवरचा एक काटा उपटत आणि त्यानेच लिहीत.

"प्रधानजी, सोहळा फक्त पाच दिवस पुढे न्या. आमची पिल्लं बाहेर पडली की त्याच दिवशी चालतात. मी घेऊन जाईन त्यांना. मैदान झाडूनसुद्धा देईन."

"बाई, तुमचं राणीसाहेबांवर प्रेम नाही का?"

"आहे हो. पण अंडी..."

"पण म्हणालात." प्रधानांनी काटा उपटला. "खऱ्या प्रेमात पण नसतो. लिहून घेतलंय."

परतीच्या वाटेवर शौर्यसंहितेची शिळा होती. टिटवीने ती शाळेत पाठ केली होती. कलम पहिलं: संकटात सापडलेल्या स्त्रीचं रक्षण करणं हे शिलेदाराचं पहिलं कर्तव्य. तिला वाटलं, अरे, हे तर आपल्यासाठीच लिहून ठेवलंय. ती तशीच शिलेदार टकरोजीरावांच्या दारात गेली.

"दादा, मी संकटात आहे."

टकरोजीरावांचे डोळे भरून आले. "ताईसाहेब! आठ वर्षं वाट बघतोय. इतक्या वर्षांत संकटातली एक स्त्री मिळाली नाही. ज्या मिळाल्या त्या आमच्याचमुळे संकटात होत्या, त्या धरत नाहीत. आजपासून तुमची अंडी ती माझी अंडी!"

संध्याकाळपर्यंत बाकीचे सहाही आले. "रक्षण मी करणार," शिंगोजीराव म्हणाले. "तुम्ही मागे हरणीचं केलंत. ती कुठेय आता?" टकरोजीरावांनी विचारलं. त्यावर शिंगोजीरावांनी आकाशाकडे पाहिलं.

वाद प्रधानांकडे गेला. त्यांनी निवाडा दिला: परवाच्या टकरांमध्ये जो जिंकेल, त्याला अंड्यांच्या रक्षणाचा मान.

"त्याच मैदानावर?" टिटवी किंचाळली. "अहो, अंडी फुटतील ना!"

"म्हणून तर रक्षक नेमतोय, ताई," प्रधान मायेने म्हणाले.

टकरांच्या दिवशी राणी मंचावर बसली. साळुंकी घोषणा देत होती.

"राणीसाहेबांचं प्रेम!"

"अमर आहे!"

"टिटवीताईंची अंडी!"

"आमची अंडी!"

एडक्यांनी खूर घासले. टकरोजीरावांचा मागचा पाय पहिल्या अंड्यापासून दोन वितींवर होता. टिटवा डोळे मिटून बसला होता. टिटवीने मिटले नाहीत. कुत्रं आलं की तिची आई जे करायची, ते तिला आठवलं. ती मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, एक पंख मातीत लोळवला आणि ओरडत, फरफटत निघाली.

सातही एडके थबकले.

"संकटातली स्त्री!"

"बाजूला व्हा, मी आधी पाहिली!"

सातही मैदान सोडून तिच्यामागे धावले. ती दहा पावलं पुढे फरफटायची, पडायची, मागे बघायची. असं करत ओढा ओलांडला, बाभळी आल्या. इकडे मंचावर राणी एकटी होती आणि साळुंकी कुणासाठी ते न कळून घोषणा देतच होती.

बाभळींपाशी टिटवी उडाली.

"बरी झाली!" शिंगोजीराव म्हणाले.

"मी बरी केली!"

"माझ्या नुसत्या येण्यानेच बरी झाली!"

मग पंख नेमका कुणी बरा केला, यावर तिथेच सूर्य बुडेपर्यंत टकरा झाल्या. तीन शिंगं मोडली. पुढचे दोन दिवस शिलेदार लेप लावून पडून होते, मैदान मोकळं होतं. तिसऱ्या दिवशी चारही पिल्लं बाहेर आली आणि आईमागे चालायला लागली.

सरकारने टिटवीचा सत्कार ठेवला. राणीसाहेबांच्या प्रेमाने मोडका पंख जोडला गेला, असं फलकावर लिहिलं होतं. शाल पांघरवताना राणी हळूच म्हणाली, "खरंच मोडला होता?"

"नाही, राणीसाहेब."

राणीने सात एडक्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "माझ्यासाठी ओढ्यापर्यंतसुद्धा कुणी धावलं नाही गं," ती म्हणाली. "मला शिकवशील?"

टिटवी उत्तर देणार, एवढ्यात प्रधानांनी नवी योजना जाहीर केली: घरटं तिथे शिलेदार. टाळ्या झाल्या. टिटवीने चार पिल्लं पंखांखाली घेतली आणि मंचाच्या मागच्या बाजूने उतरली.

माळावरच्या आया एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. त्या आठवड्यात बोलल्या. पुढची अंडी ओढ्यापलीकडे घालायची, असं टिटवीने चंडोलीला सांगितलं, चंडोलीने तितरीला.

पुढच्या हंगामात सातशे नवे शिलेदार घरटी शोधत माळभर फिरले. खडा न् खडा उलटला. एकही अंडं सापडलं नाही. प्रधानांनी नवा काटा उपटला आणि वार्षिक अहवालात लिहिलं: राज्यात आता एकही अंडं असुरक्षित नाही.